बायपॅपवरच्या रुग्णाचं नाक सोलवटू नये म्हणून: कोणता मास्क, कोणती पट्टी?

बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं श्वासाचं मशीन, एक-दोन दिवस तरी चालणार असं दिसलं की पहिल्याच ड्युटीत दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात: मास्क कोणता आणि त्याखाली काय लावायचं. नाकाच्या दांडीवर कातडी आणि हाड यांच्यामध्ये चरबी जवळजवळ नसतेच. मास्कच्या दाबाने तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि घामाने, नळीतल्या वाफेने भिजलेली कातडी जरा घासली तरी सुटते. पट्टीने दाब थोडा पसरतो, पण मास्कचा प्रकार बदलला तर दाबच त्या जागेवरून हटतो. म्हणून आधी मास्क.

नाक-तोंड झाकणारा मास्क सगळीकडे हाताशी असतो. लावायला सोपा आहे आणि सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्यावर चांगला उतरतो. मात्र त्याचा वरचा कोपरा नेमका दांडीवर बसतो. टोटल फेस मास्क कपाळापासून हनुवटीपर्यंत टेकतो, त्यामुळे नाक मोकळं राहतं. नाक आधीच लाल झालं असेल तर हाच घ्यावा. त्यात डोळे कोरडे पडतात, काहींना कोंडल्यासारखं होतं आणि कपाळ-हनुवटीवर लक्ष ठेवावं लागतं. हेल्मेट, म्हणजे सगळं डोकं झाकणारी पारदर्शक टोपी, चेहऱ्याला लागतच नाही, पण काखेतले पट्टे आणि मानेची कॉलर तिथे जखमा करतात. त्यात हवेचा प्रवाह कमी पडला तर रुग्ण सोडलेलाच श्वास परत घेतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढलेल्या रुग्णासाठी ते पहिली पसंती नाही, आणि न शिकलेल्या स्टाफच्या हाती तर देऊच नये. नुसता नाकाचा मास्क धाप लागलेल्या माणसाला चालत नाही, कारण तो तोंडानेच श्वास घेत असतो.

आमच्या मते वॉर्डात नाक-तोंडाचा आणि टोटल फेस असे दोन्ही ठेवावेत आणि लांबलेल्या उपचारात आलटूनपालटून वापरावेत.

आता पट्टी. पातळ हायड्रोकोलॉइड (ओल शोषून जेलसारखी होणारी चिकट पट्टी) स्वस्त आहे, घट्ट चिकटतं, घासणं कमी करतं. पण घामाने त्याच्या कडा गोळा होतात आणि ती गुठळीच मास्कखाली टोचू लागते. शिवाय खालची कातडी बघायला ते दरवेळी सोलून काढावं लागतं. सत्तरीच्या पुढच्या किंवा स्टेरॉइडवरच्या रुग्णात तेवढ्यानेच साल निघते. सिलिकॉनची चिकट बाजू असलेला फोम महाग पडतो, पण दाब पसरवतो, ओल शोषतो, आणि कड उचलून आत बघून पुन्हा बसवता येतो. परवडत असेल तर फोमच घ्यावा, मात्र पातळ. जाड फोमने मास्क उचलला जातो, हवा गळते, कुणीतरी पट्टा आवळतं आणि दाब होता तिथेच परत येतो. कापूस किंवा गॉजची घडी नकोच: ती भिजते, गोळा होते आणि एकाच ठिकाणी रुतते. व्हॅसलीन लावलेल्या कातडीवर पट्टी टिकत नाही. पट्टी लावायची ती मास्क चढवण्याआधी, लाली आल्यावर नव्हे.

मास्कचं माप मापपट्टीने घ्यावं. दोन मापांच्या मध्ये असेल तर लहान. डोकं उंच ठेवून, दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे ओढावेत. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. गळती शून्यावर आणायचा हट्ट नको. मिनिटाला 20-30 लिटर गळती बहुतेक बायपॅप मशीन भरून काढतात. श्वास मशीनशी जुळतोय आणि हवा डोळ्यांत जात नाही, एवढं पाहावं. गळती वाढली तर पट्टा आवळण्याआधी मास्क चेहऱ्यापासून उचलून पुन्हा बसवावा. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) मास्कच्या कडेखालून गेली असेल तर तिथे गळतीही होते आणि वळही उठतो. नळीसाठी खाच असलेला मास्क किंवा पॅड मिळतो, तो वापरावा.

ऑक्सिजन टिकत असेल तर दर 2 ते 4 तासांनी मास्क 5 मिनिटं काढून नाकाची दांडी, गाल, कानामागची जागा पाहावी. लाल भाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर ती दाबाने होणारी, पहिल्या टप्प्यातली जखमच आहे. सावळ्या कातडीवर हा फरक नीट दिसत नाही. तिथे शेजारच्या जागेशी तुलना करून गरमपणा, कडकपणा तपासावा आणि दुखतंय का ते रुग्णाला विचारावं. यातलं काहीही आढळलं तर त्याच ड्युटीत मास्कचा प्रकार बदलावा आणि कोणती जागा, किती सेंटिमीटर, ते चार्टवर लिहावं.