दारूवर उत्तम उपचार, मारहाणीवर अवाक्षर नाही

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या जिल्ह्यातील एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर दाखल केले होते. त्या निमित्ताने तेथील उपचार आणि कुटुंबीयांचे समुपदेशन, दोन्ही जवळून पाहता आले. उपचारांबद्दल तक्रारीला जागा नाही. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. त्या काळात डॉक्टर हजर होते आणि रुग्णाशी कोणी अरेरावी केली नाही.

पत्नीच्या बाजूने पाहिले तर मात्र ही सेवा फारच तोकडी आहे. दाखल करतानाच्या अर्जात रोज किती क्वार्टर, देशी की विदेशी, सकाळी उठल्या उठल्या लागते का, उधारी किती, असे रकानेच्या रकाने होते. घरात मारहाण होते का, हा प्रश्न कोठेही नव्हता. समुपदेशकांनी विचारपूस केली तीही सासूबाईंच्या देखत, जेथे कोणतीही सून "कधीतरी होतं" यापलीकडे बोलणार नाही. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते : "बाटली सुटली की हात उचलणंही सुटेल, ताई."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, पती वारंवार झिंगून येतो अशा स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. पती मुळीच पीत नाही अशा स्त्रियांमध्येही हे प्रमाण सुमारे 23 टक्के होते. म्हणजे दारूने मारहाण वाढते हे खरे, पण ती दारूतूनच उपजते असे नव्हे. आमचे हे गृहस्थ गुत्त्यावर कोणाच्या अध्यातमध्यात नसत. हात चाले तो घरी आल्यावरच.

सर्वांत खटकले ते घरी सोडतानाचे नियोजन. डायसल्फिरामची (दारूपासून दूर ठेवणारी) गोळी रोज पत्नीने समोर उभे राहून द्यावी, असे ठरले. गोळीवर दारू प्यायल्यास उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब उतरणे असे गंभीर परिणाम होतात, म्हणून ती चोरून कधीही देऊ नये, हे त्यांनी नीट समजावले. पण पैसे कोठे ठेवलेस यावरून जिला चपराक बसत होती, तिच्याकडेच गोळीची चौकीदारी दिल्याने भांडणाला नवे निमित्त मिळते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. शेवटी आम्हीच आग्रह धरून ते काम तिच्या थोरल्या दिरांकडे दिले.

पुण्यात 1986 पासून काम करणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. येथे तसे काही नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी नेमले आहेत, पत्नीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, यांपैकी एकही गोष्ट तेथील भिंतीवरच्या सुविचारांत सापडली नाही.

दारू सोडवण्यापुरती या केंद्राची शिफारस मी जरूर करीन. मात्र दाखल करण्यापूर्वीच पत्नीशी एकांतात बोलण्याची मागणी करावी, आणि रुग्णाला सोडण्याची तारीख तिला आधी कळवण्याचे कबूल करून घ्यावे.