मेशटॅस्टिक की मेशकोअर?

मोबाइल नेटवर्क नसताना छोट्या रेडिओ बोर्डांवरून एकमेकांना निरोप पाठवायची ही दोन सॉफ्टवेअर. बोर्ड तोच. हेल्टेक व्ही3 असो वा रॅक 4631, ब्राउझरमधूनच मेशटॅस्टिक चढवा नाहीतर मेशकोअर. रेडिओ दोन्हींचा लोरा, म्हणजे कमी विजेत दूरवर पोहोचणारा; भारतातला पट्टाही तोच 865 ते 868 मेगाहर्ट्झचा, ज्याला हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना लागत नाही. तरी एकावरचा निरोप दुसऱ्याला कळत नाही, म्हणून गटाने आधीच एक काय ते ठरवावं.

खरा फरक निरोप पुढे कोण नेतो यात आहे. मेशटॅस्टिकमध्ये खिशातला नोडही, म्हणजे जाळ्यातला प्रत्येक बोर्ड, ऐकलेला निरोप पुढे पाठवतो. नेहमीच्या सेटिंगला एका नोडवरून दुसऱ्यावर अशा तीन उड्या, फार तर सात. मेशकोअरमध्ये हे काम सहसा फक्त रिपीटरचं, म्हणजे त्यासाठीच ठेवलेल्या बोर्डाचं. कुणा एकाला पाठवलेला पहिला निरोप चहूकडे पसरतो, पोहोचला की वाट लक्षात राहते आणि पुढचे त्याच वाटेने जातात.

ट्रेकसाठी मी डोळे मिटून मेशटॅस्टिक सांगेन. सांधण दरीत माणसं ओळीने उतरतात. वळणापलीकडच्या पुढच्याचा नोड मागच्याला ऐकू येत नाही, पण मधल्याला दोघेही ऐकू येतात, आणि माणसं सरकतील तशी साखळीही सरकते. मेशकोअर नेलं तर रिपीटर कुणाच्या तरी सॅकमध्ये द्यावा लागतो. तो भलतीकडे गेला की मागचे तुटले.

खोऱ्यातल्या गावांसाठी कायमचं जाळं हवं असेल, तर मात्र मेशकोअरच. मेशटॅस्टिकवर नोड वाढले की प्रत्येकाचं ठिकाण, बॅटरीची टक्केवारी आणि त्यांचे फेरप्रसार यांनीच चॅनेल भरून जातो. मेशकोअरवर ही गर्दी फारच कमी. मेहनत आहे ती रिपीटरसाठी जागा शोधण्यात: एका माथ्यावरून दुसरा माथा दिसलाच पाहिजे. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर माथ्यावरच्या रिपीटरच्या सोलर पॅनेलला ऊन मिळणं कठीण. तिथे रॅकच लावा, हेल्टेकपेक्षा तो फारच कमी वीज खातो.

मराठीत लिहिणार असाल तर हेही बघा. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, काना-मात्रेला वेगळे तीन. ‘पाणी संपलं’ एवढ्यालाच 28 बाइट होतात. मेशटॅस्टिकवर एका निरोपात सुमारे 200 बाइट मावतात, मेशकोअरवर 160. दोन्हीकडे तारेसारखं तोडून लिहायची सवय लावावी लागते.

आणि कोणतंही घ्या, आधी अँटेना घट्ट बसवा, मगच बॅटरी जोडा. अँटेनाशिवाय प्रसारण झालं तर बोर्डचा रेडिओच जळू शकतो.