‘राउज सिमन्स’ची काचपेटी

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतून आतल्या बोळात वळलं की काचपेट्या करणाऱ्या काकांचं दुकान लागतं. पाटी नाही. दाराशी देव्हाऱ्यांच्या काचा टेकवलेल्या दिसतात, तीच खूण. मी हाताने केलेल्या ‘राउज सिमन्स’ जहाजाच्या छोट्या नमुन्यासाठी 22 इंच लांब, 8 रुंद, 16 उंच पेटी करून घेतली. 5 मिलिमीटरची काच, खाली सागवानी पाट. नऊ दिवस लागले, 3,600 रुपये झाले.

‘राउज सिमन्स’ हे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज 1868 साली अमेरिकेत मिलवॉकीला बांधलं. लांबी 123 फूट. मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने लाकूड वाहण्यात त्याचा जन्म गेला. उतारवयात दर नोव्हेंबरात ते नाताळची झाडं भरून शिकागोला यायचं आणि क्लार्क स्ट्रीटच्या पुलापाशी झाडं डेकवरूनच विकली जायची. 22 नोव्हेंबर 1912 ला ते मिशिगन राज्यातल्या थॉम्प्सन बंदरातून निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी संकटाचं निशाण लावलेलं असं किनाऱ्यावरून दिसलं, बचावनौका धावली, पण पुढे काही हाती लागलं नाही. कॅप्टन हर्मन शुनेमानसकट सगळे गेले. 1924 मध्ये त्यांचं मेणकापडात गुंडाळलेलं पाकीट मच्छीमारांच्या जाळ्यात आलं. 1971 मध्ये पाणबुड्याला टू रिव्हर्सजवळ तळाशी जहाजच सापडलं, पोटात झाडं तशीच.

माझे बाबा दाभोळकडच्या गलबतावर खलाशी होते, कौलं वाहायचे. “भार पोटात घ्यावा, माथ्यावर नको,” हे त्यांच्या तोंडी सतत असायचं. 44 वर्षांचं जुनं लाकूड, डेकवर झाडांचा ढीग, त्यावर गोठणारं पाणी. मला तर त्या जहाजाचा घात माथ्यावरच्या भारानेच झाला असं वाटतं. म्हणून मी डेकवर झाडं गच्च रचली. सुतळीचे धागे तारेत पिळले, हिरव्या रंगात बुडवले, एकेक कातरलं. शिडांना जुनं मलमल चहात उकळून घेतलं.

आधी दुसऱ्या एका दुकानात दिलं होतं. तिथे पेटी वरून बसवताना नाळेपुढचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, दांडा मोडला आणि “चिकटवून घ्या” म्हणाले. माझे पाच महिने होते त्यात.

काकांनी आधी जहाज नीट बघितलं, मग विचारलं, “ताई, वर लाकूड घालू का काच?” मी झाडांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “मग वरूनच बघायचं ते. काचच घालतो.” जहाज पाटाला खालून दोन पितळी स्क्रूंनी धरलं, म्हणजे रिक्षात हलायला नको. सिलिकॉनचा आंबट वास जाईपर्यंत पेटी चार दिवस उघडी ठेवली. त्या वाफेने पितळ काळं पडतं, हे त्यांनीच सांगितलं. कोपऱ्यांच्या कडा इतक्या घासलेल्या की बोट फिरवलं तरी टोचत नाही.

एक उणीव आहे. पाटाचं पॉलिश पुरतं वाळायच्या आत कागद गुंडाळला, मागच्या बाजूला त्याचा ठसा राहिला. सांगितल्यावर पुन्हा करून दिलं, पण दोन खेपा पडल्या. फोन क्वचितच उचलतात, प्रत्यक्षच जावं.

बाबांच्या गलबताचा सांगाडा आता उभा राहिलाय, त्याची मापं घेऊन तिकडेच जाणार आहे. बोळात रिक्षा शिरत नाही. पेटी आणायला जाल तेव्हा सोबत एक माणूस न्या.