केस द्यायचे की रक्त? शिशाची तपासणी करण्याआधी

मामेबहिणीचा फोन आला. तीन वर्षांच्या पोराची शिशासाठी तपासणी करायची होती. तिच्या नवऱ्याचं जुन्या बॅटऱ्या घेण्या-विकण्याचं दुकान आहे, आणि बॅटरीतलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं हे तिच्या वाचनात आलं होतं. तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे घरी पाकीट मागवायचं, पोराच्या मानेवरचे थोडे केस कापून कुरिअरने पाठवायचे. शिशासकट पंचवीस-तीस मूलद्रव्यांचा रंगीत रिपोर्ट येतो. दुसरी म्हणजे लॅबमध्ये जाऊन रक्त द्यायचं. पोरगं सुई दिसली की हातपाय झाडतं. "दादा, केसांनी काम भागत असेल तर त्याला टोचायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे, आणि कागदावर केसांची बाजू चांगली भक्कम दिसते. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. वाढताना रक्तातून मुळाशी जे येतं त्यातलं थोडं केसात अडकतं. म्हणजे मुळाकडच्या ३ सेंटिमीटरमध्ये गेल्या तीनेक महिन्यांची नोंद असायला हवी. केस नासत नाहीत, बर्फात ठेवावे लागत नाहीत, साध्या पाकिटातून गावोगाव जातात. रक्ताची नजर त्या मानाने जवळची. रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला जेमतेम महिनाभर लागतो, त्यामुळे रक्त मुख्यतः अलीकडचं सांगतं.

अडचण केसाच्या बाहेरच्या अंगाला आहे. शिशाची धूळ केसावर बसते, त्याच्या खवल्यांमध्ये शिरते आणि चिकटून राहते. लॅबमध्ये केस धुऊनच तपासतात, पण हलकं धुतलं तर बाहेरचं शिल्लक राहतं आणि कडक धुतलं तर आतलंही निघून जातं. शरीरातून आलेलं किती आणि वरून बसलेलं किती, हे खात्रीने वेगळं करणारी धुण्याची पद्धत नाही.

मी बहिणीला विचारलं, मेहुणे दुकानातून आले की आधी काय करतात? म्हणाली, "आधी? हे दारातच पोराला उचलून घेतात. डोक्यावरून हात फिरवतात."

त्या हाताने दिवसभर बॅटऱ्या हाताळलेल्या असतात. केसांच्या रिपोर्टमध्ये शिसं जास्त आलं, तर ते पोराच्या शरीरातलं की बापाच्या तळव्यावरचं, हे कसं ठरवणार? ती धूळ क्षुल्लक मुळीच नाही; तळव्यावरून पोराच्या बोटांवर, बोटांवरून तोंडात, अशीच ती आत जाते. पण आत किती गेली, हे बाहेर बसलेल्या धुळीवरून कळत नाही. शिशाचा धोका जितका घराजवळ, तितका केसांचा रिपोर्ट कमी भरवशाचा. ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच हा रिपोर्ट दगा देतो.

मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मारुतीला चढवतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. भांगात भरायच्या सिंदूरातही शिसं सापडतं. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यू जर्सी आणि भारतातल्या दुकानांमधून घेतलेले ११८ नमुने तपासले, त्यांत मुंबईचेही होते. बहुतेकांत शिसं निघालं. पांढरे केस हळूहळू काळे करणाऱ्या काही परदेशी रंगांत तर लेड ॲसिटेट घालत असत. भांग भरणाऱ्या किंवा असा रंग लावणाऱ्या बाईच्या केसांतलं शिसं मोजून तिच्या शरीराबद्दल काय बोलणार?

आता आकड्यांकडे या. २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा व्यावसायिक लॅबना पाठवले, तेव्हा कित्येक मूलद्रव्यांच्या बाबतीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत दहापटीहून अधिक फरक पडला. 'नॉर्मल' कशाला म्हणायचं यावरही त्यांचं एकमत नव्हतं. रक्ताच्या आकड्याला मात्र पुढची पायरी ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्ताच्या डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटर) ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. लहान मुलांत ४५ किंवा जास्त असेल तर शिसं बाहेर काढणारं औषध द्यायचं. अमेरिकेत मुलांसाठी ३.५ ला सावध होतात. अगदी सुरक्षित अशी पातळी कुठलीच नाही. केसांचा आकडा हातात धरून डॉक्टर शेवटी म्हणणार, रक्त तपासून आणा. मग सुई टळली कुठे?

रक्ताच्याही खोडी आहेत, त्या जाण्याआधी माहीत असाव्यात. रक्तातलं जवळपास ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींत असतं, म्हणून पूर्ण रक्त लागतं, ईडीटीए बल्बमध्ये, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य असलेल्या नळीत. मी एका लॅबला फोन केला तेव्हा काउंटरवरून "प्लेन बल्बमध्ये घेऊ" असं उत्तर आलं. तशा साध्या नळीत घेऊन सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी, तपासलं तर पेशींबरोबर शिसंही बाजूला पडतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. बोट टोचून काढलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळू शकते. हात साबणाने नीट धुऊनच बोट टोचावं, आणि आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करावी. त्याच टोचण्यात हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या, कारण लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं. शिसं बाहेर काढणारं तेच औषध देऊन मग लघवीतलं शिसं मोजायची 'चॅलेंज टेस्ट' कोणी सुचवली तर नाही म्हणा. औषधाने कोणाच्याही लघवीत शिसं वाढतं, आणि तुलना करायला सर्वमान्य आकडे नाहीत.

शिशाचं काम कित्येक वर्षांपूर्वी सोडलेल्या कामगाराचं जुनं शिसं हाडांत दबून बसतं, दशकानुदशकं. ते ना रक्तात पुरतं दिसतं ना केसांत.

केसांची तपासणी मुळातच टाकाऊ आहे असं नाही. माशांमधून येणाऱ्या पाऱ्यासाठी ती उत्तम. आणि माणूसच उरला नसेल तर दुसरं आहे काय? जर्मन संगीतकार बेटहोवेन १८२७ साली वारला. त्याची म्हणून जपलेली एक बट तपासून शिशाचा मोठा गवगवा झाला, आणि २०२३ मध्ये डीएनएने दाखवलं की ती एका बाईची होती. पुढच्या वर्षी त्याच्या दोन खऱ्या बटा तपासल्या: ग्रॅममागे २५८ आणि ३८० मायक्रोग्रॅम शिसं, जिथे ४ पर्यंत ठीक समजतात. तरीही संशोधकांनी केवळ त्यानेच मृत्यू आला असं म्हटलं नाही.

बहिणीचं पोरगं समोर खेळतंय, त्याचं रक्त मिळतंय. शनिवारी दुसऱ्या लॅबमध्ये शिरेतून घेतलं, बल्ब आधी विचारून. बापाच्या मांडीवर बसून पोराने एकदाच हंबरडा फोडला. रिपोर्ट यायचाय. मेहुण्यांनी दुकानाच्या मोरीत साबण ठेवलाय, आणि दुकानातला शर्ट आता तिथेच खुंटीला असतो.