सेकंडहँड व्ही १५: आठ महिने, सोळा हजार आणि निम्मं सामान परत डब्यात

दिवाळीनंतर आठ दिवसांनी नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या एका काकांकडून बजाज व्ही १५ मोटरसायकल घेतली. २०१७ चं मॉडेल, एमएच १५ पासिंग, मीटरवर ३४,२०० किलोमीटर, सौदा ३१ हजारांत ठरला. आता जुलै चाललाय आणि मीटर ४०,९०० च्या पुढे गेलाय. मधल्या आठ महिन्यांत सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उकिडवं बसून या गाडीला काय काय लावलं, त्यातलं काय टिकलं आणि काय काढून टाकलं, ते लिहितोय. मी मेकॅनिक नाही. सातपूरला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, त्यामुळे पाना-पक्कड ओळखीचे आहेत, एवढंच.

हीच गाडी का, हे सगळे विचारतात. १९७१ च्या युद्धात लढलेली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत २०१४ मध्ये मुंबईत तोडली, तिच्या भंगारातलं पोलाद बजाजने या गाडीत वापरलं आणि २०१६ मध्ये ती बाजारात आणली. माझे वडील त्या लढाईच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या पिढीतले, त्यांना एवढं कारण पुरलं. मला मात्र तिचा ठेंगणा, रुंद बांधा आवडतो. पुढचं चाक १८ इंची, मागचं १६ इंची आणि त्यावर १२० मिलिमीटर रुंद जाड टायर. इंजिन १४९.५ सीसीचं, पळायला आळशी, पण चौथ्या गिअरला चाळीसवरही कुरकुर न करता ओढतं. द्वारका चौकाच्या गर्दीत याचा फार उपयोग.

अडचण अशी की गाडी बंद झालेली. ॲक्सेसरीच्या दुकानात गेलात की बुलेटचं सामान भिंतभर टांगलेलं असतं. व्ही १५ म्हटलं की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो, मग म्हणतो, "पल्सरचं बसवून देऊ का?" म्हणजे जे करायचं ते जुळवून, कापून, भोकं पाडून.

पहिला महिना मी काही लावलंच नाही, काढलं. काकांनी हौसेने प्रेशर हॉर्न, लाल-निळे चमकणारे दिवे आणि टाकीवर वाघाचा स्टिकर असा संसार मांडला होता. स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून निघाला, खालचा चिकटा रॉकेलच्या फडक्याने गेला. दिवे निघाले. हॉर्नला मात्र दोन रविवार गेले.

हेडलाइटचं भांडं उघडलं तर आत वायरींचं घरटं. काळी टेप उन्हाने विरघळून गुळासारखी झालेली, बोटाला लागली की सुटत नव्हती. ती सोलली तर खाली हॉर्नची वायर हेडलाइटच्या वायरीला नुसती पीळ देऊन जोडलेली, ना सोल्डर ना कनेक्टर. त्या जोडापासून इंचभर लांबीचं प्लास्टिक बिस्किटाच्या रंगाचं झालं होतं. सीट काढून फ्यूज बघितला, तर फ्यूजच्या दोन पायांना तांब्याची तार गुंडाळलेली. म्हणजे फ्यूज उडायचा, आणि कोणीतरी त्याचं कारण शोधण्याऐवजी फ्यूजचंच तोंड बंद केलं. प्रेशर हॉर्नला करंट जास्त लागतो. मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, त्यामुळे तो सगळा हँडलवरच्या इवल्याशा बटणातून वाहायचा. शिवाय कर्कश आणि अनेक सुरांचे हॉर्न नियमातही बसत नाहीत. तळमजल्याचे पगारे काका शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय भाऊ, गाडी सोलू राहिले का?" खरंच सोलत होतो.

जुनी गाडी घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात एवढं एक काम करावं. हेडलाइटचं भांडं आणि सीटखालची जागा उघडून, कंपनीने न टाकलेली प्रत्येक वायर शोधायची. कंपनीची वायर जाळीच्या नळीत, नीट क्लिपमध्ये बसवलेली असते. नंतर आलेली वायर टेपवरून ओळखू येते.

झिजलेल्या वस्तूंचं फार सांगण्यासारखं नाही. चेन-स्प्रॉकेटचा संच, मागचे ब्रेक शू, क्लच केबल आणि बॅटरी. मागच्या टायरचं माप पटकन मिळेना, चार दुकानं पालथी घातली. एवढ्यावरच जवळपास पावणेसात हजार गेले, आणि दिसायला गाडी होती तशीच. बायको म्हणाली, "पैसे कुठे लावले, दाखव तरी." दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पण गाडी बदलली ती या पावणेसात हजारांनी, पुढच्या नऊने फक्त सजली.

आता दिवे. पावसात इगतपुरीच्या बाजूला भावाकडे जाणं होतं आणि घोटीच्या पुढे धुकं उतरलं की मूळ हेडलाइट समोर पांढरा पडदा टांगतो. म्हणून २० वॉटचे दोन पिवळे एलईडी दिवे घेतले. या वेळी काकांची चूक करायची नाही असं ठरवलं होतं. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली जाड वायर आधी ५ अँपियरच्या फ्यूजमध्ये, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून दिव्यांना. ८५ ला अर्थिंग. ८६ ला इग्निशननंतरची वायर, मध्ये हँडलवरचा स्विच. म्हणजे स्विचमधून नुसता रिलेला जागं करण्याइतकाच करंट जातो, आणि चावी काढली की दिवे चालू राहण्याचा प्रश्नच नाही. हिशोबही सोपा आहे. ४० वॉटला १२ व्होल्टने भागलं की साधारण सव्वातीन अँपियर, म्हणून फ्यूज ५ चा.

जोडून झालं, दिवे लागले, मी खूश. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि सगळं गप्प. मानेपाशी वायर स्टॉपरच्या मध्ये चिमटली होती आणि सोललं जाऊन तांबं फ्रेमला टेकलं. फ्यूज उडाला, बस. दहा रुपयांचं नुकसान. हीच गोष्ट तांब्याची तार गुंडाळलेल्या फ्यूजवर झाली असती तर हे लिहायला गाडी नसती. वायर नव्याने, सैल वळण देऊन नेली. आता काहीही जोडलं की हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून बघतो, मगच टाय आवळतो.

मल्टिमीटरवर बघितलं तर इंजिन निवांत चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, दिवे लावले की १२.८. थोडा रेस दिला की पुन्हा १३.७. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू असतो आणि माझी मे महिन्यातली, म्हणजे तो भार तसाही आहेच. त्यामुळे सिग्नलला उभा असलो की जादा दिवे बंद. गावातही बंदच ठेवतो, समोरच्याच्या डोळ्यात जातात. त्र्यंबक रोडला उलट्या बाजूने असे दिवे झळकवत येणाऱ्यांना मी स्वतः शिव्या दिलेल्या आहेत.

मोबाइल चार्जरने वेगळाच धडा दिला. तो थेट बॅटरीला जोडला होता, कारण "किती करंट खाणार तो?" लग्नाला चार दिवस गावी गेलो, परत आलो तर स्टार्टर नुसता टक्-टक्. फोन लावलेला नसला तरी चार्जरमधला निळा दिवा आणि आतलं सर्किट दिवसरात्र थोडं थोडं खात असतं. किक मारून गाडी सुरू केली आणि त्याच संध्याकाळी चार्जरही रिलेच्या मागे नेला. मोबाइल होल्डर मात्र काढूनच टाकला. मोटरसायकलच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला होता. माझा फोन ॲपलचा नाही, पण दोन महिन्यांनी फोटो धूसर यायला लागले. आता फोन खिशात आणि रस्ता एका कानातल्या इअरफोनवर. तेही बरोबर नाही, माहिती आहे.

क्रॅश गार्ड एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला, १,४०० रुपये. दिसायला दणकट. साडेतीनशे किलोमीटरनंतर वणीहून येताना पायाला झिणझिण्या आणि कानाला खडखड. थांबून बघितलं तर खालच्या पट्टीचा वेल्ड केसाएवढा फाटलेला. चूक थोडी माझीही होती. पाइप जाड असावा असा हट्ट मी धरला, आणि पट्टी पातळ आहे हे कोणीच बघितलं नाही. जड पाइप पातळ पट्टीवर लटकला की इंजिनची थरथर पट्टीच खाते. दुसऱ्याकडून ३०० रुपयांत पट्टी जाड करून आणि पाइप दोन्ही बाजूंनी चार बोटं आखूड करून घेतला. आता ठीक आहे. पण घ्यायचाच असेल तर इंजिनच्या मूळ बोल्टच्या जागा पकडणारा घ्या, फ्रेमला यू-क्लॅम्पने आवळलेला नको.

साइड पॅनल मी स्वतः काळ्या मॅट स्प्रेने रंगवले. आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासले, प्राइमर मारला, तीन हात रंग. पहिले पंधरा दिवस सोसायटीतली पोरं फोटो काढत होती. मग पंपावर टाकी भरताना पेट्रोल ओघळलं आणि डाव्या पॅनलवर गोगलगाय गेल्यासारखी रेघ उठली. बाटलीतला साधा स्प्रे पेट्रोलपुढे टिकत नाही, वर हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट लागतो. टाकी रंगवायची फार इच्छा होती, पण आरसीवर जो रंग लिहिलाय तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० घेऊन पेठ रोडला दोन चकरा झाल्याच होत्या, तिसरीची हौस नव्हती. टाकी आहे तशी पांढरी राहिली, आणि विक्रांतच्या गाडीला पांढराच शोभतो असं मी आता सांगतो. सायलेन्सरला तर हातच लावला नाही.

नंबर प्लेट वाकवून मागचा भाग आटोपशीर करायचा बेतही रद्द केला. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असल्यामुळे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवली, ४५० आणि वर जीएसटी. ती सरळ दिसलीच पाहिजे.

सगळ्यात समाधान देऊन गेली ती सीट. या गाडीला मागच्या सीटवर बसणारं कव्हर येतं, ते लावलं की एकट्याची सीट दिसते. काकांनी ते कायम लावून ठेवलेलं, त्यामुळे खालचा फोम नवा होता आणि पुढचा पोळीसारखा बसलेला. सीटवाल्याला सांगून पुढे एक इंच कडक फोम वाढवला आणि पुढची धार तिरकी कापून घेतली, नाहीतर पाय टेकायला उंची वाढते. रेक्झिन खरखरीत निवडलं, गुळगुळीत असलं की ब्रेक मारला की माणूस टाकीवर सरकतो. शिलाई मध्ये न घेता कडेला घेतली, म्हणजे पावसाचं पाणी टाक्यांतून आत मुरत नाही. १,६०० रुपये. सप्तशृंगी गडावर जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर झाल्यावर बायको उतरली आणि कंबरेला हात न लावता सरळ जिना चढली. एवढी मोठी पावती मला कोणी दिलेली नाही.

सॅडल बॅग घेतल्या आणि पहिल्याच आठवड्यात उजवीकडची सायलेन्सरला टेकून भाजली. आता फक्त डावी लावतो, त्यात टूल किट, पंक्चरचं सामान, दोन जादा फ्यूज आणि रेनकोट. ॲव्हरेज ४७ चा ४५ झालाय, त्याला दिवे-गार्ड-बॅगेचं वजन कारण की कुंभमेळ्यासाठी खणलेले रस्ते, हे सांगता येत नाही.

परवा पाथर्डी फाट्याला चहा घेत उभा होतो, तर मूळ मालक काका आले. गाडीभोवती एक फेरी मारली, सीट दाबून बघितली, दिवे बघितले, मान डोलावली. मग हँडलकडे बघून एकदम म्हणाले, "अरे, माझा हॉर्न कुठंय?" म्हटलं काका, बाल्कनीतल्या डब्यात जपून ठेवलाय, घेऊन जा कधीही. येतो म्हणाले रविवारी.