‘रनिंग-इन करून दिलंय’ म्हणणाऱ्याकडे आधी लॉग मागा

उघडून नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या बिलावर दोन ओळी होत्या: ‘डायनोवर रनिंग-इन, 4 तास’ आणि ‘ऑइल व फिल्टर बदल, 2 वेळा’. (रनिंग-इन म्हणजे नव्या बांधणीचं इंजिन सुरुवातीला ठरावीक पद्धतीने चालवून त्याचे भाग एकमेकांना बसवणं. डायनो म्हणजे इंजिनावर भार टाकून त्याची ताकद मोजणारं यंत्र.) इंजिन चार सिलिंडरचं, टर्बो, 86 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), नवे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन. गाडी मालकाच्या हातात आली आणि 900 किलोमीटरांत सव्वा लिटर ऑइल गायब. अ‍ॅक्सिलेटर दाबला की मागे निळा धूर. गॅरेजचं उत्तर तयारच होतं: ‘पहिले हजार किलोमीटर जपून चालवायला सांगितलं होतं ना? रनिंग-इन तुम्ही बिघडवलंत.’

म्हणजे पैसे घेताना रनिंग-इन झालेलं होतं आणि तक्रार आल्यावर ते मालकाचं काम ठरलं. या धंद्यातली ही सगळ्यात सोयीची पळवाट आहे. कारण पहिल्या तासात इंजिनाचं काय झालं, याचा कागद सहसा कुणाकडेच नसतो.

इथे तो निघाला. इंजिनाला प्रोग्रॅम करता येणारा इसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) होता आणि त्याच्या मेमरीत लॉग, म्हणजे इंजिन कसं चाललं याची नोंद, शिल्लक होता. त्या ‘चार तासां’तले 3 तास 50 मिनिटं आरपीएम 900 ते 1100 आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलेटरने उघडणारी हवेची झडप) जवळपास बंद. इंजिन डायनोवर चढलंच नव्हतं, कोपऱ्यात उभं राहून नुसतं गुरगुरत होतं. सोबत दिलेला डायनोचा ग्राफही दुसऱ्याच गाडीचा होता. त्यातली रेघ 7800 आरपीएमपर्यंत जात होती आणि या इसीयूत लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) 7200 ला लावलेला.

आयडलवर (भार न देता, नुसतं सुरू) ठेवलं तर बिघडतं काय, हे समजून घ्या, नाहीतर ‘हळूहळू बसेल’ या बोलण्यावर विश्वास बसतो. पिस्टनवरची रिंग स्वतःच्या ताणाने सिलिंडरच्या भिंतीला जेमतेम टेकते. तिला खरा दाब देतो तो जळलेला गॅस. तो रिंगेच्या वरून तिच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. होनिंगच्या (भिंत दगडाने घासून केलेल्या) आडव्या-तिरक्या रेषांची टोकं त्या दाबानेच घासली जातात आणि रिंग बसते. आयडलवर तो दाबच नसतो. वर थंड इंजिनातलं जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुतं, उरलेलं ऑइल भाजून चकचकीत थर धरतं. यालाच ग्लेझ म्हणतात. एकदा बोअर ग्लेझ झाला की पुढे कितीही चालवा, रिंगा बसत नाहीत.

‘कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवायला आयडलवर ठेवलं’ हे स्पष्टीकरणही ऐकायला मिळतं, आणि ते दोन्ही बाजूंनी खोटं आहे. जुन्या पद्धतीच्या फ्लॅट टॅपेट कॅमला (जो सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरतो) पहिल्या स्टार्टनंतर लगेच 20 ते 30 मिनिटं 2000 ते 2500 आरपीएम लागतात. त्याला ऑइल मुख्यतः फिरत्या क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळतं, आणि आयडलवर नेमकं तेच कमी पडतं. रोलर असलेल्या कॅमला तर या सोपस्काराची गरजच नाही.

खरं रनिंग-इन दिसायला वेगळं असतं. आधी प्लग काढून, इंधन बंद ठेवून, गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवायचं. सुरू झाल्यावर गळती, प्रेशर, टायमिंग बघायचं, आणि ऑइल गरम झालं की थेट लोडवर. साधारण 2500 ते 4500 दरम्यान अर्ध्या थ्रॉटलने चढवायचं, मग थ्रॉटल पूर्ण सोडून इंजिन ब्रेकिंगवर उतरू द्यायचं. पुन्हा चढवायचं, दर फेरीला लोड थोडं वाढवायचं, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कमीत कमी. एकाच आरपीएमवर रेंगाळायचं नाही. (शोरूममधून आलेल्या नव्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगतं, तिथे बोअरचं फिनिशिंग कारखान्यातच झालेलं असतं. तो नियम इथे लावू नका.)

ऑइल मिनरल किंवा खास ब्रेक-इनचं. पहिल्या अर्ध्या तासानंतर ते काढायचं आणि फिल्टर कापून बघायचा. त्याच्या कागदाच्या घडीत बारीक करडी भुकटी असणं स्वाभाविक आहे. चुंबकाला चिकटणारे जाडसर कण दिसले किंवा तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग, कॅम तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरा बदल 500 किलोमीटरच्या आसपास, सिंथेटिक त्याही नंतर.

या गाडीचा फिल्टर मात्र पहिल्या दिवसाचाच होता. मालकाने इंजिन बसवताना काढलेल्या फोटोत फिल्टरवर पिवळ्या पेंटची खूण दिसत होती. 900 किलोमीटरनंतर ती खूण फिल्टर आणि ब्लॉकवर तशीच, सलग, न तुटलेली.

इंजिन उघडलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, जी कोणत्याही रनिंग-इनने सुटली नसती. वरच्या रिंगेचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) 0.30 मिमी. टर्बो इंजिनात ठोकताळा बोअरच्या दर इंचाला 0.005 ते 0.006 इंच, म्हणजे इथे साधारण 0.43 ते 0.52 मिमी. अचूक आकडा पिस्टनसोबतच्या कागदावर असतो. रिंगा पाकिटातून काढून तशाच घातल्या होत्या, टोकांना कानसच लावली नव्हती. दोन सिलिंडरमध्ये रिंगेची टोकं आरशासारखी चकाकत होती. तापल्यावर टोकाला टोक भिडल्याची ती खूण. याच्यापुढे पिस्टनची रिंग-लँड (रिंगांच्या खाचांमधला भाग) तुटते.

म्हणून पैसे देण्याआधी मागायचं ते एवढं: प्रत्येक सिलिंडरचं बोअर गेजचं माप, पिस्टन क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीतली फट), रिंग गॅप, बेअरिंग क्लिअरन्स, सगळं हाताने लिहिलेलं, तारखेसह. गुळगुळीत ‘ओके’ लिहिलेला तक्ता नको, चार सिलिंडरचे आकडे किंचित वेगळे येतातच. रनिंग-इनचा मूळ लॉग पेन ड्राइव्हवर, ग्राफचा फोटो चालणार नाही. कापलेला फिल्टर पिशवीत. आणि गाडी ताब्यात घेताना स्वतःसमोर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती टक्के गळते ते बघणं). 10 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, 20 च्या पुढे असेल तर गाडी घेऊ नका. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आणि ‘थोडं जाड ऑइल घाला, धूर थांबेल’ असं म्हणाले तर घालू नका. धूर खरंच कमी होतो, आठ-पंधरा दिवस. गॅरेजने दिलेली वॉरंटी तोवर संपत आलेली असते.