किराण्याची व्हाउचरं ऑनलाइन विकत घेऊन आठ महिने: माझा हिशेब

वहीच्या मागच्या पानावरचा आकडा आधीच सांगून टाकते: १,०७० रुपये. एप्रिल ते नोव्हेंबर २०२५ या आठ महिन्यांत मी ४२,००० रुपयांची किराणा व्हाउचरं ४०,५३० रुपयांना घेतली. म्हणजे वाचले १,४७०. त्यातले ४०० माझ्याच हावरेपणापायी बुडाले, त्याची गोष्ट पुढे येईलच.

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो, घरात पाच माणसं. ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अ‍ॅपवर एखाद्या सुपरमार्केटचं १,००० रुपयांचं व्हाउचर ९६० ते ९७० ला मिळतं. पैसे भरले की नंबर आणि पिन मेलवर येतो, तो काउंटरवर दाखवायचा. दुकानाला पैसे आगाऊ मिळतात, गिऱ्हाईक बांधलं जातं आणि काही लोकांचे नंबर मेलमध्येच पडून राहतात. सूट द्यायला परवडतं ते त्यामुळेच.

माझी नणंद अमेरिकेत असते. ती 'कुपन' म्हणते ते वेगळं. तिकडे कंपनीची कुपनं वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापतात, आणि अशी कापलेली कुपनं ऑनलाइन विकतही मिळतात. कुपनावर तर छापलेलं असतं की हे विकायचं नाही. म्हणून विकणारे सांगतात, आम्ही फक्त कापण्याच्या मेहनतीचे पैसे घेतो! आपल्याकडे जे विकत घ्यायचं ते कुपन नव्हेच, आपलेच आगाऊ भरलेले पैसे. माझ्या सासूबाईंनी हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात ओळखलं: "पयशे दिवन पयशे विकतें घेता तूं?"

पहिल्या महिन्यात त्यांचंच खरं ठरलं. २,००० चं व्हाउचर घेतलं, टोपली भरली १,६४० ची. उरलेले ३६० पुढच्या वेळी वापरता आले असते, पण हातात व्हाउचर असलं की ते 'संपवायचं' असतं. मग चीज स्प्रेड आलं, मुलांसाठी चॉकलेटं आली, एक सुगंधी मेणबत्तीसुद्धा आली, जी अजून पेटवलेली नाही. सत्तर रुपये वाचवायला तीनशे साठ घातले. हा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही, धरला तर १,०७० चे ७१० होतात.

दुसरी अडचण खास आपल्या गोव्याची. मे महिन्यात घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं असतं: सुक्या मिरच्या, चिंच, आमसुलं, सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी. शिवाय १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरांची मासेमारी बंद, तेव्हा सुक्या मासळीशिवाय भागत नाही. यातलं काय व्हाउचरात बसतं? मिरच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येतात, तिथे रोख पैसे आणि घासाघीस. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून, तिचा भाव मुळातच सवलतीचा. पाव पोदेराकडून, मासळी बाजारातून. पहिल्या दोन महिन्यांत मी सगळी रशीदं जमवली तेव्हा कळलं की स्वयंपाकघराचा जेमतेम निम्मा खर्च त्या अ‍ॅपच्या आवाक्यात आहे: तेल, साखर, डाळी, साबण, पावडर, चहा. आणि त्या वर्षी नारळ इतका महागला, की व्हाउचरांची सगळी कमाई त्यानेच खाल्ली असं सासूबाई अजून ऐकवतात.

डाळींवर मात्र मी स्वतः फसले. सुपरमार्केटात तूरडाळ १४८ रुपये किलो, व्हाउचरने साधारण १४३ ला पडायची. सहकारी भांडारात सुटी डाळ १३८ ला होती, व्हाउचर न लागता. तीन महिने मी 'सूट मिळतेय' म्हणून पाच रुपये जास्त देत होते. नवऱ्याने हिशेब दाखवला तेव्हा राग त्याचाच आला.

आता ते ४०० रुपये. टेलिग्रामवर एका ग्रुपात ५०० चं व्हाउचर ४०० ला होतं. वीस टक्के सूट! नंबर आला, काउंटरवर मशीन म्हणालं, शिल्लक शून्य. विकणाऱ्याने ब्लॉक केलं. नंतर समजलं, अशा ठिकाणी वापरलेले नंबर किंवा चोरीच्या कार्डाने घेतलेली व्हाउचरं फिरत असतात. असं झालं की लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो. मी केला नाही, शरमेने. तीन-चार टक्क्यांच्या पुढची सूट दिसली की आता मी सरळ पुढे जाते.

चवथीच्या आदल्या दिवशीचा प्रसंग वेगळा. दुकानात रांग दारापर्यंत, माझ्यामागे माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान घेतलेल्या बायका. व्हाउचरमधून १,००० रुपये गेले, पण बिलात आलेच नाहीत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सर्व्हर डाऊन आहे." मागून कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. मी यूपीआयने पुन्हा पैसे भरले. ते १,००० परत यायला अकरा दिवस आणि सहा फोन लागले, आणि प्रत्येक वेळी दुकान म्हणे अ‍ॅपला विचारा, अ‍ॅप म्हणे दुकानाला. तेव्हापासून सणाच्या गर्दीत व्हाउचर बाहेर काढत नाही, आणि काढलं तर मेल आणि बिल दोन्हींचा फोटो घेते.

सप्टेंबरात आणखी गंमत झाली. २२ तारखेपासून अंगाचा साबण, शांपू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तुपा-लोण्यावरचा १२ वरून ५. करातली कपात गिऱ्हाइकाला पूर्ण दिली तर साबणाच्या किमतीत ११ टक्के फरक. मी इतके महिने साडेतीन टक्क्यांसाठी नंबर टाइप करत बसले होते आणि सरकारी निर्णयाने बसल्या जागी तिप्पट दिलं. वहीत ती बचत मी वेगळ्या रकान्यात लिहिली, नाहीतर श्रेय व्हाउचराला गेलं असतं.

मुदतीकडेही नीट बघा. बँकेचं किंवा वॉलेटचं गिफ्ट कार्ड असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्यात १०,००० पर्यंतच रक्कम असते, मुदत निदान वर्षाची. पण दुकानाचं स्वतःचं व्हाउचर, जे फक्त त्याच दुकानात चालतं, त्याला हा नियम लागू नाही. मला सहा महिन्यांचं मिळालं होतं. रोख परत दोन्हीत मिळत नाही. व्हाउचरने घेतलेली वस्तू मी परत केली तेव्हा पैशांऐवजी क्रेडिट नोट हातात आली.

मी हे बंद केलेलं नाही. पण आता आधी टोपली भरते, बेरीज मोबाइलवर करते आणि रांगेत लागण्यापूर्वी, दुकानातल्या तांदळाच्या पोत्यांपाशी उभी राहून व्हाउचर घेते. १,७३० ची टोपली असेल तर १,५०० चंच, वरचे २३० यूपीआयने. मेल यायला कधी दोन मिनिटं लागतात, कधी वीस. वीस लागली की त्या दिवशी सरळ पूर्ण पैसे भरून घरी येते आणि ते व्हाउचर पुढच्या महिन्याच्या तेलासाठी ठेवते.